दीड वर्षात तीन चष्मे: लालबागच्या एका काकूंचं प्रकरण

रुग्ण स्त्री, वय ५३, राहणार लालबाग. काम घरबसल्या: साड्यांना फॉल-बिडिंग, ब्लाउजची हुकं-काजं, तुरपाई. केसपेपरवर तक्रारीच्या रकान्यात मी लिहिलं, 'नव्या चष्म्यानेही नीट दिसत नाही.' डोळ्यांच्या ओपीडीत ही तक्रार रोजचीच. बहुतेक वेळा कारणही साधं निघतं. काचेचं सेंटर चुकलेलं असतं, बायफोकलची रेघ वर बसलेली असते, नाहीतर प्रोग्रेसिव्ह, म्हणजे रेघेशिवाय लांबचं-जवळचं एकत्र असलेला चष्मा घेतलेला असतो आणि तो कसा वापरायचा हे दुकानात कुणी सांगितलेलं नसतं. या काकूंच्या बाबतीत यातलं काहीच नव्हतं.

मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. मध्य मुंबईतल्या एका धर्मादाय रुग्णालयात नंबर काढणं आणि पहिली तपासणी हे माझं काम. निदान आणि उपचार डॉक्टरांचे. काकूंना विचारूनच हे लिहिते आहे आणि त्यांची ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तिन्ही चष्मे टेबलावर

चष्मे बदलून घेतलेले लोक जुने चष्मे सहसा आणत नाहीत. काकूंनी आणले होते, ब्लाउजपीसच्या कापडाची छोटी पिशवी शिवून त्यात. तिन्ही चष्मे मशिनवर मोजले आणि तारखा विचारून कागदावर एकाखाली एक मांडले.

पहिला दीड वर्षापूर्वीचा. लांबचा नंबर शून्य, जवळचा +२.००. बावन्नाव्या वर्षी अशीच चाळिशी असायची, त्यात वावगं काही नाही. दुसरा आठ महिन्यांनी केलेला, लांबचा दोन्ही डोळ्यांना −०.७५. तिसरा आमच्याकडे येण्याच्या चार महिने आधीचा, लांबचा −१.२५. दुकान प्रत्येक वेळी वेगळं, प्रत्येक वेळी 'कॉम्प्युटरवर मोफत तपासणी', आणि प्रत्येक वेळी सांगणं एकच: वय झालं की नंबर बदलतोच.

वयाने बदलतो तो जवळचा नंबर. चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होत जातं, जवळचं पाहताना त्याला फुगता येत नाही, म्हणून जवळचा चष्मा लागतो आणि साठीपर्यंत तो पावलापावलाने वाढतो. लांबचा नंबर या वयात सहसा स्थिर असतो. तो पन्नाशीनंतर उणे बाजूला सरकायला लागला, तर मनात दोन शंका आधी यायला हव्यात. एक, भिंगाचा गाभा घट्ट होऊन मोतीबिंदू होतोय. दुसरी, रक्तातली साखर वाढलीय.

काकूंनी एक गोष्ट मोठ्या कौतुकाने सांगितली. ‘मध्ये तर मला बिनचष्म्याची सुई ओवता यायला लागली होती. शेजारची म्हणाली, तुझा चष्मा उतरतोय.’ नंबर उणे झाला की जवळचं बिनचष्म्याने दिसायला लागतं, त्यात डोळा सुधारलेला नसतो. पण पन्नाशीत चष्मा सुटला म्हणून डॉक्टरकडे कोण जाईल? लोक पेढे वाटतील. माझ्या मते या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची खूण हीच होती आणि ती आनंदाची बातमी म्हणून घरभर फिरून आली.

दुकानातल्या मशिनने खोटं काही सांगितलं नव्हतं. त्या दिवशी, त्या वेळी भिंग जसं होतं तसा नंबर त्याने दिला. लांबचा नंबर का हलला, आणि सलग दुसऱ्यांदा का, हे विचारायचं काम माणसाचं. ते कुठेच झालं नाही.

मोतीबिंदूचा शिक्का

मधल्या काळात त्यांच्या इमारतीच्या सभागृहात नेत्रशिबिर झालं होतं. तिथे टॉर्च मारून कुणीतरी सांगितलं, ‘मोतीबिंदूची सुरुवात आहे, पिकला की या.’ काकू तेव्हापासून पिकण्याची वाट बघत होत्या. दिसणं जसजसं बिघडलं, तसतसं त्यांना वाटत गेलं की चला, पिकतोय.

शिबिरवाल्यांचा पहिला अंदाज मोतीबिंदूचा असतो, यात नवल नाही. २०१५ ते २०१९ या काळात झालेल्या राष्ट्रीय सर्वेक्षणात पन्नाशीपुढच्या अंधत्वामागे मोतीबिंदूचा वाटा ६६.२ टक्के निघाला. १९७६ पासून चालू असलेल्या राष्ट्रीय अंधत्व नियंत्रण कार्यक्रमाचा मोठा जोरही त्याच शस्त्रक्रियांवर राहिला आहे. पण 'पिकू दे' हा सल्ला जुन्या पद्धतीच्या ऑपरेशनांच्या काळातला. आता दोन-तीन मिलिमीटरच्या छेदातून भिंगाचे तुकडे करून ते ओढून काढतात आणि त्या जागी कृत्रिम भिंग बसवतात. भिंग जितकं कडक, तितके हे तुकडे करणं अवघड. रोजच्या कामात अडायला लागलं की ऑपरेशन करावं, एवढाच आजचा हिशोब आहे.

काकूंच्या दोन्ही भिंगांत किंचित धूसरपणा होताही. म्हणजे शिबिरातलं वाक्य अर्धं खरं होतं. मात्र त्या अर्ध्या खऱ्यामुळे पुढचं कुणी बघितलं नाही.

भोकातून बघा

आता तपासणी. तिसरा चष्मा घालून उजव्या डोळ्याने ६/१८ची ओळ, डाव्या डोळ्याने ६/३६. म्हणजे निरोगी डोळ्याला जे अक्षर ३६ मीटरवरून वाचता येतं, ते डाव्या डोळ्याला सहा मीटरवर दिसत होतं.

यानंतर मी पिनहोल लावते. काळी चकती, मध्ये बारीक भोकं. लाखो रुपयांच्या यंत्रांच्या खोलीत सगळ्यात स्वस्त वस्तू ही, आणि माझ्या लेखी सगळ्यात कामाची. नंबराचाच दोष असेल तर भोकातून बघितल्यावर अक्षरं स्वच्छ होतात, कारण बारीक भोकातून येणाऱ्या किरणांना भिंगाने वळवायची फारशी गरज उरत नाही. उजव्या डोळ्याला भोकातून ६/९ दिसलं. इथवर ठीक. डाव्या डोळ्याला ६/३६च राहिलं आणि काकू म्हणाल्या, ‘ह्याच्यातून तर आणखी फिकट झालं, मॅडम.’

भोकातून सुधारत नाही, उलट फिकं होतं, तेव्हा दोष डोळ्याच्या मागच्या पडद्यात असण्याची शक्यता बळावते. जगातला कुठलाही चष्मा त्यावर चालत नाही.

मग अ‍ॅम्स्लरची चौकट हातात दिली: चौकटीच्या वहीसारख्या उभ्या-आडव्या रेघा आणि मध्ये ठिपका. एक डोळा झाकून ठिपक्याकडे बघायचं. उजव्या डोळ्याने रेघा सरळ होत्या. डाव्याने बघताना काकू बराच वेळ गप्प राहिल्या, मग बोट ठेवून दाखवलं. ‘इथं मध्ये आत ओढल्यासारखं आहे. फॉलची कड मला अशीच दिसते. मला वाटायचं माझा हातच वाकडा चाललाय.’ दादरच्या दुकानदाराने त्यांच्या दोन साड्या परत पाठवल्या होत्या. काठाला फॉल लाटेसारखा लागला होता. तेव्हापासून त्या काम करताना डावा डोळा नकळत मिटून घ्यायच्या.

हे घरीही कळू शकतं. दरवाजाची चौकट, कॅलेंडरची रेघ, फरश्यांचे सांधे, एकेक डोळा झाकून बघायचं. दोन्ही डोळे उघडे असले की चांगला डोळा वाईट डोळ्याचं झाकून नेतो आणि महिनोन्‌महिने पत्ता लागत नाही.

‘शुगर आहे का?’ विचारलं. ‘नाही.’ ‘शेवटची कधी तपासली?’ ‘कधीच नाही. पण मला काही त्रासच नाही.’ रात्री तीनदा लघवीला उठणं, पायाला मुंग्या, सतत कोरडा घसा, हे सगळं त्यांनी पाळी जाण्याच्या खात्यावर टाकलं होतं. तिथल्या तिथे बोटातून रक्त घेतलं: साखर ३१२. नंतर आलेलं एचबीएवनसी ११.२, हे मागच्या साधारण तीन महिन्यांच्या साखरेचं मोजमाप, ६.५ पासून मधुमेह मानतात. रक्तदाब १६४/१०२.

२०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या (आयसीएमआर) अभ्यासात भारतात १० कोटींहून अधिक मधुमेही असल्याचा अंदाज आहे. आपल्याला मधुमेह आहे हे माहीत नसलेले त्यात कमी नाहीत, आणि त्यातल्या काहींची पहिली गाठ डॉक्टरशी न पडता चष्म्याच्या दुकानदाराशी पडते.

पर्समधली बाटली

डोळ्याचं प्रेशर मोजलं. उजवा २७, डावा २६. सर्वसाधारण मर्यादा १० ते २१ ची. इथे प्रकरणाला फाटा फुटला, कारण मधुमेहाने एवढं प्रेशर सहसा वाढत नाही. वापरात असलेली सगळी औषधं दाखवायला सांगितली, तेव्हा पर्समधून एक ड्रॉपची बाटली निघाली. आदल्या पावसाळ्यात डोळ्यांची साथ होती, घरात सगळ्यांचे डोळे आले होते, केमिस्टने ही बाटली दिली होती. ‘घातली की लगेच थंड वाटतं, लाली जाते.’ मग खाज आली की एक थेंब, जागरण झालं की एक थेंब. बाटली संपली की तीच पुन्हा आणायची. असं आठ-नऊ महिने चाललं होतं.

बाटलीत अँटिबायोटिकसोबत स्टेरॉइड होतं. लाली जाते ती त्यानेच. साथीतले डोळे बहुतेक विषाणूंमुळे येतात आणि आठवडा-दोन आठवड्यांत आपोआप बरे होतात; स्वच्छ हात, वेगळा टॉवेल आणि थंड पाण्याच्या पट्ट्या पुरतात. स्टेरॉइडचे थेंब काही आठवडे घातले तर साधारण तीनातल्या एकाचं प्रेशर थोडंफार चढतं, काहींचं खूप चढतं. चढलेलं दुखत नाही, लाल होत नाही, दिसण्यात फरक पडत नाही. तसंच राहिलं तर डोळ्याकडून मेंदूकडे जाणारी मागची नस सुकत जाते. काचबिंदू तो हाच. त्यात बाजूची नजर आधी जाते, समोरचं अक्षर शेवटपर्यंत दिसत राहतं, म्हणून माणूस ६/६ वाचतो आणि जिन्याच्या कडेला ठेचकाळतो. गेलेली नजर परत आणता येत नाही. घरात आई-वडील किंवा भावंडांना काचबिंदू असेल तर चाळिशीपासून प्रेशर आणि नस दोन्ही बघून घ्यावी, चष्मा लागो न लागो.

हे थेंब डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकू नयेत असा नियम आहे. मुंबईत तो किती पाळला जातो, हे कुठल्याही नाक्यावर उभं राहून बघावं.

काकूंची नस अजून शाबूत होती. बाजूच्या नजरेची चाचणीही बिनधोक आली. थेंब त्याच दिवशी बंद केले. दमा नाही ना, हे विचारून डॉक्टरांनी काही आठवड्यांपुरतं प्रेशर उतरवणारं औषध दिलं.

पडद्यावर काय होतं

बाहुली मोठी करायचे थेंब घातले. अर्धा तास थांबावं लागतं, नंतर चार-सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि ऊन टोचतं. त्यामुळे सोबत कुणीतरी आणा, असं आम्ही सांगतो आणि लोक एकटेच येतात. काकूही एकट्याच होत्या. मुलीला फोन केला, ती मालाडहून कामावरून निघून आली.

डॉक्टरांनी तपासलं. दोन्ही पडद्यांवर बारीक रक्तवाहिन्यांना फुगे आलेले, ठिपक्यांएवढे रक्तस्राव. डाव्या डोळ्यात शिवाय पिवळट कणांचं कडं, आणि नेमकी मधली जागा सुजलेली. बारीक वाचायला, सुई ओवायला, चेहरे ओळखायला आपण जी जागा वापरतो ती हीच. पडद्याची जाडी मोजणाऱ्या ओसीटी स्कॅनमध्ये डाव्या डोळ्याच्या मध्यभागाची जाडी ४३८ मायक्रॉन भरली, ती अडीचशेच्या आसपास असायला हवी. वाढलेल्या साखरेने रक्तवाहिन्यांच्या भिंती कमकुवत होतात आणि त्यांतून पाणी झिरपतं. लालबागच्या जुन्या चाळींत पावसाळ्यात भिंतीला ओल धरते, पोपडे फुगतात, तसंच. फुगलेल्या जागी पडलेलं चित्र वाकडं दिसणारच.

निदान असं लिहिलं गेलं: नव्याने सापडलेला मधुमेह आणि उच्च रक्तदाब, दोन्ही डोळ्यांत मध्यम टप्प्याचा मधुमेही दृष्टिपटलविकार, डाव्या डोळ्यात मध्यभागाची सूज, स्टेरॉइडमुळे वाढलेलं प्रेशर, मोतीबिंदूची किरकोळ सुरुवात. पाच नावं. काकूंना इतके दिवस माहीत होतं ते फक्त शेवटचं.

मधुमेह नव्याने सापडला आणि डोळ्यांत इतकं पुढे गेलेलं, हे कसं? टाइप २ मधुमेह सापडतो तेव्हा तो बऱ्याचदा काही वर्षांचा झालेला असतो. म्हणूनच निदान होताच पडदा बघायचा आणि नंतर दरवर्षी, असा नियम आहे. मध्यभाग सुजेपर्यंत किंवा डोळ्यात रक्त उतरेपर्यंत रुग्णाला काहीच जाणवत नाही, म्हणून 'दिसतंय की नीट' यावर भरवसा ठेवता येत नाही.

डोळ्यात सुई

उपचार सांगितल्यावर घरात वादळ उठलं. डोळ्यात इंजेक्शन हे ऐकूनच काकांनी हात वर केले. शिवाय काकूंच्या थोरल्या भावाची गोष्ट होतीच. ते चिपळूणचे, जुने मधुमेही. ‘दादाने लेझर केलं आणि डोळा गेला.’ तपशील काढला तेव्हा कळलं की डोळ्यात रक्त उतरून दिसेनासं झाल्यावर ते दवाखान्यात गेले होते. डोळा आधीच हातचा जात होता, लेझर त्यानंतर झालं. कुटुंबात मात्र क्रम उलटा लागला आणि लेझर बदनाम झालं. ही गोष्ट मी वेगवेगळ्या घरांतून, वेगवेगळ्या मामा-काकांच्या नावाने ऐकली आहे. उशिरा गेलेल्या माणसाचा डोळा गेला की पुढची पिढी आणखी उशिरा जाते.

डॉक्टरांनी काकांना स्कॅन दाखवला. उजवा डोळा शेजारी ठेवून, डाव्यातला उंचवटा बोटाने दाखवला. त्याने जे काम झालं ते समजावण्याने झालं नसतं. औषध निवडताना त्या बाटलीचा हिशोब धरावा लागला. सूज उतरवायला डोळ्यात स्टेरॉइडही देतात, पण ज्या डोळ्याचं प्रेशर थेंबांनीच चढलंय तिथे ते टाळणं शहाणपणाचं. म्हणून झिरपणाऱ्या आणि नव्याने फुटणाऱ्या रक्तवाहिन्यांना आवर घालणारं औषध ठरलं. त्यात स्वस्त-महाग असे प्रकार आहेत. काकूंना परवडणारं बेव्हॅसिझुमॅब घेतलं. ऑपरेशन थिएटरमध्ये, भूल देणारे थेंब घालून, केसाएवढ्या सुईने, काही सेकंदांचं काम. पहिल्या खेपेला काकू मुलीचा हात सोडेनात. तिसऱ्या खेपेला थिएटरच्या सिस्टरना ब्लाउजचं माप कसं घ्यायचं ते सांगत होत्या.

सोबत एकच ताकीद: पुढच्या काही दिवसांत डोळा दुखला, लाल झाला किंवा दिसणं कमी झालं तर तारखेची वाट न बघता लगेच या. जंतुसंसर्ग क्वचित होतो, पण झाला तर तासांचा हिशोब असतो.

साखरेच्या आणि रक्तदाबाच्या गोळ्या घराजवळच्या महापालिकेच्या 'आपला दवाखाना'त सुरू झाल्या. रक्तदाबाचं डोळ्यांच्या रुग्णांना पटत नाही, म्हणून एक आकडा मी नेहमी सांगते. ब्रिटनमधल्या यूकेपीडीएस या अभ्यासाचे निष्कर्ष १९९८ मध्ये आले. मधुमेहींपैकी ज्यांचा रक्तदाब काटेकोर ठेवला, त्यांच्यात पडदा बिघडत जाण्याचा धोका ३४ टक्क्यांनी आणि नजर बरीच ढासळण्याचा धोका ४७ टक्क्यांनी कमी झाला. मीठ आणि लोणचं यांवर काकूंशी माझं भांडण झालं ते या आकड्याच्या जोरावर.

गोळ्यांनी डोळे गेले

काकूंना सगळ्यात जास्त राग आला तो चष्मा न दिल्याचा. ‘तीन दुकानांत दहा मिनिटांत चष्मा देतात, तुम्ही एवढं मोठं हॉस्पिटल आणि थांबा म्हणता?’ साखर किमान महिना-दीड महिना स्थिर होईपर्यंत नंबर काढायचा नाही, असं आम्ही ठरवलं होतं. हलत्या भिंगाचा नंबर काढून चौथा चष्मा पिशवीत टाकण्यात अर्थ नव्हता.

दुसऱ्या आठवड्यात त्यांच्या मुलीचा फोन. आईला काहीच दिसत नाही, लांबचंही नाही आणि जवळचं तर त्याहून नाही. शेजारच्या काकूंनी निदान केलं होतं की शुगरच्या गोळ्या गरम पडल्या, गोळ्यांनी डोळे गेले. काकूंनी चार दिवस गोळ्या बंद ठेवल्या होत्या.

हे होणार हे आम्हाला माहीत असतं, आणि सांगूनही ते समोरच्यापर्यंत पोचत नाही. साखर चढते तेव्हा भिंगाची वळवायची ताकद वाढते, नंबर उणे बाजूला जातो. औषधाने साखर झपाट्याने उतरली की भिंगात पाणी शिरतं आणि ताकद कमी होते, नंबर अधिक बाजूला उडी मारतो. काकूंचा लांबचा नंबर −१.२५ वरून +०.७५ वर गेला होता. नाकावर चष्मा जुना −१.२५ चा. म्हणजे औषध लागू पडल्याची खूण त्यांना औषध बाधल्यासारखी दिसत होती. काही आठवड्यांत भिंग पूर्वपदावर येतं. तोवर पहिला चष्मा, लांबचा शून्य आणि जवळचा +२.०० असलेला, त्यातल्या त्यात सोयीचा पडेल, असं तपासून सांगितलं. तोच घालून त्यांनी दिवस काढले. साखर फार वेगाने उतरवली तर काही रुग्णांचा पडदा सुरुवातीला थोडा आणखी बिघडतो, हेही डॉक्टरांच्या डोक्यात होतं. त्यामुळे दर खेपेला बाहुली मोठी करून बघणं चालूच राहिलं.

मधुमेहाच्या पहिल्या चिठ्ठीबरोबर प्रत्येक रुग्णाला एवढं एक वाक्य मिळावं असं मला वाटतं: पहिले काही आठवडे नजर हलेल, गोळी सोडू नका, चष्मा करू नका. चिठ्ठ्यांवर जेवणाआधी-जेवणानंतर असतं, हे नसतं.

सहा महिन्यांनंतर

प्रेशर तीन आठवड्यांत १६ आणि १७ वर आलं, पुढे औषध बंद करूनही तिथेच राहिलं. डाव्या डोळ्यात पाच इंजेक्शनं झाली. मधलं एक लग्नसराईत चुकलं, हिंदमाताच्या कापडबाजारातल्या ऑर्डरी होत्या, आणि त्या महिन्यात सूज पुन्हा थोडी चढली. शेवटच्या स्कॅनमध्ये जाडी ३०५. नजर उजवी ६/९, डावी ६/१८. एचबीएवनसी ७.४. स्थिर झालेला लांबचा नंबर +०.२५, जवळच्यासाठी वर +२.२५. चष्मा झाला एकदाचा.

डाव्या डोळ्यातल्या रेघा पूर्ण सरळ झालेल्या नाहीत आणि होतील असं डॉक्टरांनी सांगितलेलं नाही. मध्यभागातल्या काही पेशी सुजेत कायमच्या गेल्या असाव्यात. काळ्या कापडावर काळा दोरा काकूंनी सोडून दिला. ते काम दुपारच्या उजेडात मुलगी सुट्टीला करते किंवा परत जातं. सुई ओवायची पत्र्याची तार आणि डाव्या खांद्यामागून येणारा टेबललॅम्प, एवढ्याने बाकीचं काम निभतंय. ट्यूबलाइटखाली रात्री बारापर्यंत शिवल्याने डोळे खराब झाले, असं काका अजूनही सगळ्यांना सांगतात. कमी उजेडाने डोळे शिणतात, चुरचुरतात, डोकं दुखतं. पडदा त्याने सुजत नाही. पण तेवढ्या गैरसमजामुळे काकूंना रात्री दहाला झोपायला मिळत असेल तर मी तो दुरुस्त करायला गेलेले नाही.

मुलीचीही तपासणी करून घेतली. ती २६ वर्षांची, मालाडला कॉल सेंटरला, तक्रार डोळ्यांची आग. स्क्रीनकडे बघताना पापण्या निम्म्याहून कमी वेळा मिटतात, त्यात थेट तोंडावर एसी; डोळे कोरडे पडलेले. दर वीस मिनिटांनी वीस फुटांवर वीस सेकंद बघायचं, मुद्दाम पापण्या मिटायच्या, एसीचा झोत वळवून घ्यायचा, हे सांगितलं. स्टेरॉइड नसलेले अश्रूंसारखे थेंब दिले. आईच्या बाटलीतले दोन थेंब तीही अधूनमधून घालत होती. प्रेशर १५, सुदैवाने. उपाशीपोटी साखर १०८ निघाली, म्हणजे सीमारेषेवर. तिला आता दरवर्षी रक्त तपासायचं आहे.

काकूंची पुढची तारीख गौरी-गणपती आटोपल्यावरची ठेवली आहे. त्यांनीच तशी मागून घेतली. चिपळूणच्या भावाला बरोबर आणते म्हणाल्या आहेत. त्यांच्या उरलेल्या डोळ्याची तपासणी दोन वर्षांत झालेली नाही.